गझलेचा गोतावळा आणि सुरेश भट

मराठी गझलेला वाहून घेतलेल्या माणसांचा एक मोठा गोतावळा आज महाराष्ट्रभर नांदतो आहे, आणि त्याला बांधणारा धागा मागे मागे शोधत गेले की तो नागपूरला, कविवर्य सुरेश भट यांच्यापाशी येऊन पोहोचतो. या गोतावळ्याला नेमके काय म्हणावे, हा प्रश्न सोपा नाही. ‘वाचक’ म्हणावे तर त्यातले बहुतेक जण स्वतः लिहितात. ‘साहित्यिक’ म्हणावे तर त्यांत शाळामास्तर, बँकेतले कर्मचारी, शेतकरी, डॉक्टर, घरसंसार सांभाळणाऱ्या बाया असे सगळे येतात आणि आपली ओळख सांगताना त्यांच्यापैकी फार थोडे जण ‘कवी’ हा शब्द आधी उच्चारतात. ‘चाहते’ म्हणावे तर त्यांची चाहत एका माणसावर थांबत नाही, ती एका काव्यप्रकारावर, त्याच्या नियमांवर आणि ते नियम पाळत काही खरे बोलून जाण्याच्या कसबावर जडलेली असते. संस्कृत काव्यशास्त्राने कवीच्या तोडीचे हृदय असलेल्या श्रोत्याला ‘सहृदय’ असे नाव दिले होते. गझलेच्या मैफिलीत पहिली ओळ ऐकताच दुसरी कुठे वळणार याचा अंदाज बांधणारा श्रोता या नावाला पुरेपूर पात्र असतो. असे श्रोते आपोआप तयार होत नाहीत, कोणीतरी त्यांना घडवावे लागते, आणि मराठीत ते काम सर्वांत चिकाटीने ज्याने केले तो माणूस १४ मार्च २००३ रोजी नागपुरात निवर्तला.

सुरेश श्रीधर भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीला झाला. वडील डॉक्टर होते, आई शांताबाई यांना कवितेची ओढ होती, आणि घरात गाण्याचे सूर लहानपणापासून कानी पडत होते. वयाच्या अवघ्या अडीचाव्या वर्षी पोलिओने त्यांचा उजवा पाय कायमचा अधू केला; मैदानावर धावण्याचे वय घरात बसून गेल्याने शब्द आणि सूर हेच त्यांचे सवंगडी झाले, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी वारंवार नोंदवले आहे आणि त्यात तथ्य आहे. १९५५ साली ते बी. ए. झाले, काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, १९६१ साली ‘रूपगंधा’ हा पहिला संग्रह आला, १९७४ साली ‘रंग माझा वेगळा’, १९८३ साली ‘एल्गार’, १९९४ साली ‘झंझावात’ आणि २००२ साली ‘सप्तरंग’. एकेचाळीस वर्षांत पाच संग्रह ही संख्या काही मोठी नव्हे. परंतु याच काळात त्यांनी इतरांच्या किती ओळी वाचल्या, त्यांतल्या किती दुरुस्त केल्या, किती परत पाठवल्या आणि किती जणांना पुन्हा लिहायला बसवले, याची मोजदाद कुठल्याही ग्रंथसूचीत होत नाही, आणि त्यांची आठवण काढणारी माणसे बहुधा याच न मोजलेल्या कामाविषयी बोलत असतात.

गझल मराठीत भटांनी आणली, असे सरसकट म्हटले जाते, ते खरे नाही आणि भटांचा मोठेपणा त्यावर अवलंबूनही नाही. फारसीचे गाढे अभ्यासक असलेल्या माधव जूलियन यांनी, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३३ साली ‘गज्जलांजलि’ हा संग्रह प्रसिद्ध करून गझलेची वृत्ते मराठीत रुजवली. ‘छंदोरचना’ या आपल्या ग्रंथात त्यांनी या वृत्तांची जी शास्त्रशुद्ध मांडणी केली, तिच्यावाचून पुढच्या कुणालाही पाऊल टाकणे अवघड गेले असते. मात्र जूलियन यांच्या गज्जला पुष्कळदा गझलेच्या वृत्तात लिहिलेल्या सलग भावकविता होत्या. एक विषय घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालणारी मराठी कवितेची जुनी चाल त्यांत कायम राहिली होती. वृत्त आले होते, पण त्या वृत्तात राहणारा ‘शेर’ अजून पुरता यायचा होता.

शेर म्हणजे दोन ओळींची स्वतंत्र, आपल्या पायावर उभी असलेली कविता. तिच्या प्रत्येक ओळीला ‘मिसरा’ म्हणतात; पहिला मिसरा एखादे विधान मांडतो किंवा एखादी उत्सुकता निर्माण करतो आणि दुसरा तिला अनपेक्षित पण अटळ वाटेल अशा ठिकाणी नेऊन सोडतो. एकाच वृत्तात आणि एकाच यमकात बांधलेले असे किमान पाच शेर एकत्र आले की गझल होते, आणि त्यांतला प्रत्येक शेर वेगळ्या विषयावर असला तरी चालते, किंबहुना तसे असणे हीच गझलेची मूळ रीत आहे. सर्व शेर एकाच भावसूत्रात गुंफलेले असतील तर तिला ‘मुसलसल’, म्हणजे सलग, गझल असे वेगळे नाव द्यावे लागते, यावरूनच रीत कोणती आणि अपवाद कोणता हे कळते. पहिल्या शेराला ‘मतला’ म्हणतात आणि त्याच्या दोन्ही ओळींत यमक साधलेले असते. शेवटच्या शेरात कवीने आपले नाव गुंफले तर त्याला ‘मक्ता’ म्हणतात. अभंगाच्या शेवटी येणारी संतांची नाममुद्रा कानात मुरलेल्या मराठी श्रोत्याला मक्ता परका वाटण्याचे काही कारण नव्हते.

खरी अडचण यमकापाशी होती. प्रत्येक शेराच्या शेवटी जो शब्द किंवा शब्दसमूह जसाच्या तसा पुन्हा येतो, त्याला ‘रदीफ’ म्हणतात, आणि त्याच्या लगेच आधी येणाऱ्या, प्रत्येक शेरात बदलणाऱ्या यमकाच्या शब्दाला ‘काफिया’ म्हणतात. ‘गाव होते’, ‘नाव होते’, ‘घाव होते’ अशा शेवटांत ‘होते’ हा रदीफ आणि ‘गाव, नाव, घाव’ हे काफिये. इथपर्यंत कोणीही येऊ शकतो. पण या तिन्ही काफियांत ‘व’च्या आधी ‘आ’ हा स्वर आहे; हा जो न बदलणारा स्वर त्याला ‘अलामत’ म्हणतात, आणि मतल्यात तो एकदा ठरला की शेवटपर्यंत बदलता येत नाही. चौथ्या शेरात कोणी ‘जीव होते’ असे लिहिले तर अक्षर ‘व’च असले तरी ‘आ’च्या जागी ‘ई’ आलेला असतो, अलामत मोडते, आणि जाणत्या श्रोत्याच्या कानाला जिन्याची एक पायरी हुकल्यासारखे होते. नवशिक्या कवीला ही चूक सापडत नाही, कारण डोळ्यांना ती यमकासारखीच दिसते. ती सापडायला कान तयार व्हावा लागतो आणि कान तयार करायला कोणीतरी जवळ बसून, किंवा निदान पत्र लिहून, बोट ठेवून दाखवावे लागते.

वृत्ताचे दुखणे याहून जुने. गझलकार वृत्त मोजताना लघू अक्षराला ‘ल’ आणि गुरू अक्षराला ‘गा’ म्हणतात आणि या मांडणीला ‘लगावली’ किंवा ‘लगक्रम’ असे नाव आहे. आनंदकंद या वृत्ताची लगावली ‘गागालगा लगागा गागालगा लगागा’ अशी होते. इक्बाल यांचे १९०४ सालचे ‘तराना-ए-हिंदी’, म्हणजे ‘सारे जहाँ से अच्छा’, याच चालीचे असल्याने शाळेत गेलेल्या प्रत्येकाला हे वृत्त नावानिशी नसले तरी ठेक्यानिशी पाठ असते. भुजंगप्रयाताची लगावली ‘लगागा’ चार वेळा. आता उदाहरणादाखल जुळवलेली एक साधी ओळ घ्यावी: ‘घरात मी एकटा दिव्याला म्हणालो’. अर्थ पुरता आहे, शब्द सरळ आहेत, पण ‘घ’ लघू, ‘रा’ गुरू आणि तिसऱ्या जागी जिथे गुरू हवा तिथे ‘त’ लघू पडल्याने ओळ पहिल्याच पावलाला लंगडते. तीच ओळ ‘घरी एकटा मी दिव्याला म्हणालो’ अशी फिरवली की प्रत्येक अक्षर आपल्या जागी बसते, आणि गंमत अशी की अर्थही अधिक ठसतो, कारण ‘एकटा’ आणि ‘दिवा’ यांच्या मध्ये आता ‘मी’ येऊन उभा राहतो. या ओळीत आणखी एक बारकावा दडलेला आहे: ‘दिव्याला’मधील ‘दि’च्या पुढे जोडाक्षर असूनही मराठी उच्चारात त्याच्यावर आघात येत नाही म्हणून ‘दि’ लघूच राहतो. संस्कृतचा नियम डोळे मिटून लावणारा इथे हमखास चुकतो. मराठी माणूस कसा बोलतो हे ऐकणारा चुकत नाही.

भटांनी ‘गझलेची बाराखडी’ या नावाने जे मार्गदर्शन लिहिले, त्यात हीच सगळी सामग्री अत्यंत रोखठोक भाषेत आली आहे. काफियाला ‘यमक’ आणि रदीफाला ‘अन्त्ययमक’ असे मराठी शब्द वापरत, शेर कशाला म्हणावे, अलामत कशी राखावी, वृत्त का पाळावे, हे त्यांनी नवशिक्याला एकेक पायरी चढवत सांगितले आणि ही छोटी पुस्तिका मागेल त्याला टपालाने पाठवली. तिच्या नावातच तिचे धोरण होते. काव्यशास्त्रावरचे ग्रंथ पंडितांसाठी लिहिले जातात, बाराखडी मात्र ज्याला अजून अक्षरही येत नाही त्याच्यासाठी असते, आणि ती न शिकता कोणी लिहू लागत नाही. विद्यापीठात न गेलेल्या, वृत्तांची नावे कधी न ऐकलेल्या, तालुक्याच्या गावी वर्तमानपत्राच्या पुरवणीत आलेली एखादी गझल कात्रण करून जपणाऱ्या मुलाच्या हाती ही पाने पडली तेव्हा त्याला पहिल्यांदा असे वाटले असणार की, या दाराला कुलूप नाही, फक्त कडी आहे आणि ती कशी काढायची हे कोणीतरी सांगते आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात इतक्या थोड्या पानांनी इतक्या लोकांना लिहिते केल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

टपालातून कविता शिकवण्याची ही रीत भटांची स्वतःची नव्हे. ती गझलेच्या घराण्यातच होती. उर्दू परंपरेत शागिर्दाची रचना उस्तादाने तपासून द्यावी, तिला ‘इस्लाह’, म्हणजे दुरुस्ती, असे म्हणतात. गालिब यांच्या ‘ऊद-ए-हिंदी’ आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ या संग्रहांतल्या पत्रांत सिकंदराबादच्या हरगोपाल ‘तफ्ता’ यांच्यासारख्या शिष्यांशी चाललेली शब्दांची घासाघीस आजही वाचायला मिळते. पुढे हैदराबादेत स्थिरावलेल्या दाग देहलवी यांच्याकडे देशभरातून गझला टपालाने येत आणि दुरुस्त होऊन परत जात. तरुण इक्बाल त्यांना याच मार्गाने आपल्या रचना दाखवत असत. नागपूरपासून पाऊण तासाच्या वाटेवर असलेली कामठीची छावणी आणि शहरातला मोमिनपुरा यांमुळे उर्दूचे वारे नागपूरला नवे नव्हते, आणि मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी राहिलेल्या या शहराच्या रस्त्यावर मराठी, हिंदी आणि उर्दू एकमेकींत मिसळून बोलल्या जात. पुण्या-मुंबईकडच्या मराठी कवीला गझल पुस्तकातून भेटली. वऱ्हाड-नागपूरच्या कवीला ती बाजारातही भेटू शकत होती. भटांच्या शब्दांत दिसणारा उर्दूचा सहजपणा, ओढून न आणलेला रोखठोक बोलीचा ताव, हा या मातीचा गुण आहे, असे मानायला पुरेशी जागा आहे.

इस्लाह करणाऱ्याचा स्वभाव गोडच असला पाहिजे असे नाही. भट फटकळ होते, रागीट होते, आणि त्यांच्या शब्दांचे फटके खाल्लेली माणसेच पुढे त्यांचे नाव अभिमानाने घेऊ लागली. यात काही विरोध नाही. ज्याच्या ओळीकडे कोणी ढुंकूनही पाहिलेले नसते, त्याच्या ओळीवर कोणी रागावले तर तो राग म्हणजे पहिली दखल असते. त्यातही गझलेसारख्या प्रकारात चूक दाखवणे म्हणजे मत देणे नव्हे; तिसरे अक्षर लघू पडले हे सांगताना गुरूची आवडनिवड मध्ये येत नाही, आणि म्हणून ती दुरुस्ती शिष्याला अपमान न वाटता पुढची ओळ लिहिण्याचे बळ देते. ‘भटसाहेब’ या संबोधनात आदर आणि दरारा दोन्ही मिसळलेले होते, पण त्याच्या तळाशी मैत्रीचीच वीण होती, कारण उस्ताद शिष्याच्या ओळीत शिरतो तेव्हा तो काही काळ त्याच्या जागी उभा राहून विचार करतो, आणि मित्र याहून वेगळे काय करतो?

या गोतावळ्यात येण्याची वाट बहुतेकांना गाण्यातून सापडली, हेही नोंदवले पाहिजे. हृदयनाथ मंगेशकर यांनी अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मुखपृष्ठ फाटून गेलेला एक कवितासंग्रह त्यांच्या हाती लागला, त्यातल्या कविता त्यांना आवडल्या, आणि कवीचा शोध घेत घेत ते भटांपर्यंत पोहोचले. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या आवाजात भटांचे शब्द घरोघर गेले. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ या चित्रपटांनी ते चित्रपटगृहात नेले. आणि त्यांच्या निधनानंतर २०१० साली संगीतकार कौशल इनामदार यांनी साडेतीनशेहून अधिक गायकांना एकत्र करून ध्वनिमुद्रित केलेल्या ‘मराठी अभिमानगीता’ने ज्या पिढीने भटांना पाहिलेही नव्हते तिच्या ओठी ते बसवले. गाणे ऐकणारा लाखांत असतो. त्यातल्या एखाद्या हजारातल्या एकाला, हे शब्द असे बांधले कसे, असा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न पडलेला माणूस पुढे बाराखडीपर्यंत येतो. स्वतः भटांनी ‘रंग माझा वेगळा’ या नावाने आपल्या गझला व्यासपीठावरून सादर केल्या तेव्हा त्यांच्या समोर बसलेल्यांत असे प्रश्न पडलेले पुष्कळ असत.

समीक्षेने मात्र या चळवळीकडे दीर्घकाळ आखडत्या हाताने पाहिले. मर्ढेकरांनंतरच्या नवकवितेने आणि साठनंतरच्या लघुनियतकालिकांनी मुक्तछंदाला जी प्रतिष्ठा दिली, तिच्या प्रकाशात वृत्त आणि यमक पाळणारी, सभागृहात टाळ्या घेणारी कविता मागासलेली दिसणे साहजिक होते. याच नागपुरात ग्रेस यांच्यासारखा कवी अर्थाच्या धूसर कडांवर आपली कविता उभी करत होता आणि त्याच्याही भोवती झपाटलेल्या वाचकांचा एक वेगळा मेळा जमला होता. एकाच शहरात दोन टोकांच्या काव्यश्रद्धा एवढ्या निष्ठेने जोपासल्या जाव्यात, ही नागपूरची श्रीमंती होय. गझलेवर तंत्रशरणतेचा आरोप झाला. तो काही गझलांना लागू आहे आणि पुष्कळशा मुक्तछंदाला त्याचा उलटा आरोप लागू आहे, एवढेच त्याविषयी म्हणता येईल. महत्त्वाची गोष्ट ही की मंगेश पाडगावकर आणि विंदा करंदीकर यांच्यासारख्या प्रस्थापित कवींनीही गझल लिहून पाहिली, आणि तरीही गझलेचा गोतावळा त्यांच्याभोवती जमला नाही. त्यांनी गझला लिहिल्या. भटांनी गझल लिहिणारी माणसे जोडली.

या जोडण्याला एक सामाजिक अंगही होते, आणि नागपुरात त्याचा अर्थ अधिक गडद होतो. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, त्याच शहरात ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या भटांनी आयुष्याच्या उत्तरार्धात धम्माची वाट धरली आणि बाबासाहेबांवर वंदनगीत लिहिले. त्यांच्या गझलेतला विद्रोह, ‘एल्गार’ या शीर्षकातून उमटणारी ललकारी, ही ज्यांच्या वाट्याला अवहेलना आली त्यांच्या बाजूने उभे राहण्याच्या निर्णयातून आलेली होती. त्यामुळे विदर्भातल्या वस्त्या-वाड्यांतल्या, पहिल्यांदा शिकणाऱ्या घरांतल्या तरुणांना हा कवी आपला वाटला. दरवर्षी १४ एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत नागपूर आंबेडकर जयंतीच्या उत्साहात जागे असते, आणि ती तारीख उलटली की भटांचा जन्मदिवस सुरू होतो. दिनदर्शिकेतला हा शेजार योगायोगाचा असला तरी शहरातल्या पुष्कळ गझलकारांच्या मनात तो जुळलेला आहे.

भटांच्या जाण्यानंतर हा गोतावळा पांगेल, अशी भीती बाळगायला जागा होती, कारण एका माणसाभोवती जमलेले मेळे बहुधा त्याच्यामागे विरतात. तसे घडले नाही. अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे गझलगायक भीमराव पांचाळे यांनी मराठी गझल गाण्यालाच आयुष्य वाहिले, गझलसागर प्रतिष्ठानच्या माध्यमातून अखिल भारतीय मराठी गझल संमेलने भरवली आणि गायकाने कवीचे नाव व शब्द जपून गावेत हा दंडक आपल्या मैफिलींत पाळला. महाराष्ट्र शासनाचा २०२४ चा गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा गझलेच्या घरात तो सगळ्यांनाच मिळाल्यासारखे झाले. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार, ज्यांच्या मक्त्यांतून ‘इलाही’ हे नाव श्रोत्यांच्या ओळखीचे झाले, ते ३१ जानेवारी २०२१ रोजी गेले, आणि भटांनंतरची सर्वांत व्यापक लोकप्रियता लाभलेला गझलकार हरपला. अकोल्याच्या श्रीकृष्ण राऊत यांनी ‘गुलाल’ या संग्रहातून वऱ्हाडी मातीचा, शेतकऱ्याच्या दैन्याचा करकरीत स्वर गझलेत आणला. पुण्याच्या संगीता जोशी यांच्यासारख्या कवयित्रींनी, पुरुषांनी व्यापलेल्या मुशायऱ्यात, म्हणजे अनेक कवींनी पाळीपाळीने गझल सादर करण्याच्या मैफिलीत, बाईचा शेर बाईच्या तोंडून ऐकवला, आणि हे काम दिसते त्यापेक्षा अवघड होते, कारण गझलेतली ‘ती’ शतकानुशतके दुसऱ्याने वर्णिलेली होती.

गोतावळ्याचे दोषही त्याच्या प्रेमातूनच आलेले आहेत. भटांचा आवाज इतका ठाशीव होता की त्यांच्या मागून आलेल्या शेकडो गझलांत तोच आवाज, तीच जखम, तोच कैफ आणि तेच फितूर जग पुन्हा पुन्हा भेटते, आणि शब्द फिरवले तरी शेर कोणाचा हे ओळखता येत नाही. खरा शिष्य कोण, कोणाला भटसाहेबांनी प्रत्यक्ष शिकवले आणि कोणाला नाही, यावर जी शक्ती खर्च होते ती वाया जाते. अलामत मोडल्याचे दाखवून देण्यात जेवढा उत्साह दिसतो तेवढा, निर्दोष पण निर्जीव शेराला निर्जीव म्हणण्यात दिसत नाही. बाराखडी आली की निबंध आला, असे मानणाऱ्यांची संख्या प्रत्येक चळवळीत असते तशी इथेही आहे. तरीसुद्धा या दोषांची चर्चा गोतावळ्याच्या आतच, गझलकारांच्या कार्यशाळांत आणि मोबाइलवरून रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या शेरांच्या देवाणघेवाणीत, मोकळेपणाने होते, ही समाधानाची बाब आहे. टपाल गेले, इस्लाह राहिली. पूर्वी आठवड्याने परत येणारी ओळ आता पाच मिनिटांत परत येते, एवढाच फरक. आणि शिकवणारा मोबदला मागत नाही, हे पूर्वीसारखेच.

नागपूर महानगरपालिकेने रेशीमबागेत उभारलेले कविवर्य सुरेश भट सभागृह २२ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाले. सुमारे दोन हजार आसनांच्या या सभागृहावर कवीचे नाव असणे ही शहराने दिलेली मोठी मानवंदना आहे. कवीच्या नावाने एवढी मोठी वास्तू सहसा उभी राहत नाही आणि तिच्या दारातून दररोज जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या तोंडी ते नाव राहते, हे मोलाचे आहे. पण गझलेची बैठक एवढ्या जागेत भरत नाही. ती भरते वीस-पंचवीस माणसे मावतील अशा एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत, शाळेच्या वर्गात, वाचनालयाच्या माडीवर. एप्रिलच्या मध्यावर नागपूरचा पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, खिडकीतला कूलर वाळ्याचा ओला वास आणि घरघर एकदमच आत सोडत असतो, आणि मुशायरा सुरू होताना यजमानाला तो बंद करावा लागतो, कारण त्या घरघरीत काफिया ऐकू येत नाही. मग उकाड्यात बसून माणसे ऐकतात. वाचणारा पहिला मिसरा म्हणतो. रिवाजाप्रमाणे समोरच्यांतला कोणी तो उचलतो, म्हणजे मोठ्याने परत म्हणतो. वाचणारा तोच मिसरा दुसऱ्यांदा म्हणतो आणि क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात सगळ्या खोलीने आपापला काफिया मनात जुळवून पाहिलेला असतो. एखादा नवखा मुलगा तळव्यावर बोटांनी लगावली मोजत असतो, शेजारचे वयस्कर गझलकार त्याच्या बोटांकडे पाहत असतात, आणि त्याचे बोट चुकीच्या अक्षरावर पडले की हात लांबवून ते हलकेच एक घर पुढे सरकवतात.